वॉरंटीतली मोटार जळाली तर आधी वाइंडिंगवाल्याकडे पळू नका

उन्हाळा लागला की तालुक्याच्या गावातल्या वाइंडिंगच्या दुकानांपुढे मोटारींची रांग लागते. त्यातल्या काही मोटारी पाच-सात वर्षं चाललेल्या असतात, त्यांचं समजू शकतं. पण काही याच वर्षी घेतलेल्या, वॉरंटीतल्या असतात. त्यांचंही वाइंडिंग शेतकरी स्वतःच्या खिशातून करतो. जे काम कंपनीनं फुकट करून द्यायचं त्याचे पैसे आपण भरतो आणि वरून वॉरंटीही घालवून बसतो.

हे दुसऱ्याचं सांगत नाही. मागच्या उन्हाळ्यात माझीच पाच एचपीची सबमर्सिबल मोटार सातव्या महिन्यात जळाली. वॉरंटी एक वर्षाची होती. दुकानदार म्हणाला, कंपनीचा माणूस येईल. आठ दिवस फोन केले. "आज येतो, उद्या येतो" एवढंच ऐकायला मिळालं. इकडे भुईमूग माना टाकायला लागला. नवव्या दिवशी मी मोटार वाइंडिंगला टाकली, साडेसहा हजार गेले. बाराव्या दिवशी कंपनीचा माणूस आला आणि म्हणाला, "मोटार बाहेर उघडली, आता वॉरंटी संपली." त्याच्या कार्डावर तसं छापलेलंच होतं. मला बोलायला जागा राहिली नाही.

खरी मेख पाण्यात आहे

शहरात फ्रिज बिघडला तर माणूस पंधरा दिवस कळ काढू शकतो. पीक कळ काढत नाही. कंपनीला वेळ आहे, आपल्याला नाही. त्यामुळे नुसता उशीर झाला तरी कंपनीचा खर्च वाचतो, कारण शेतकरी वैतागून मोटार स्वतःच उघडतो. प्रत्येक कंपनी हे ठरवून करते असं मी म्हणत नाही. पण उशिराचा फायदा कोणाला होतो, हे उघड आहे.

दुसरी पळवाट लो व्होल्टेजची. "तुमच्याकडं लाईटच बरोबर नाही, त्यानं मोटार जळाली, हे वॉरंटीत बसत नाही." कधी कधी हे खरंही असतं. सिंगल फेजवर चालवली, पाणी संपल्यावर कोरडी चालली, तर मोटार जळणारच. पण मोटार न उघडता, काहीही न तपासता दुकानाच्या काउंटरवरून हे सांगितलं जातं, तेव्हा ते कारण नसतं, बहाणा असतो. तुमच्याच डीपीवरच्या बाकीच्या मोटारी चालू असतील आणि तुमची नवी तेवढी जळाली असेल, तर हा मुद्दा लेखी मांडा. पॅनल पेटीत ओव्हरलोड रिले आणि ड्राय रनची सोय बसवलेली असेल तर तिचाही फोटो काढून ठेवा.

कायदा काय म्हणतो

ग्राहक संरक्षण कायदा २०१९ हा २० जुलै २०२० पासून लागू आहे. धंद्यासाठी घेतलेली वस्तू त्यात बसत नाही. म्हणून काही जण शेतकऱ्याला म्हणतात, "मोटार शेतीला लावली, तुम्ही ग्राहकच नाही." हे चूक आहे. स्वतःच्या कष्टानं पोट भरण्यासाठी घेतलेली वस्तू कायद्यानं धंद्यातून वगळली आहे. आंध्र प्रदेशातल्या शेतकऱ्यांच्या बियाण्याच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयानं २०१२ मध्येच शेतकऱ्याला ग्राहक मानलं आहे.

त्याच निकालात आणखी एक कामाची गोष्ट आहे. बियाणं पेरून झाल्यावर शेतकऱ्याकडं तपासणीला नमुना कसा राहील, हे न्यायालयानं समजून घेतलं. पण मोटारीचं तसं नाही. मोटार आपल्या ताब्यात असते. आयोग ती प्रयोगशाळेत तपासायला पाठवू शकतो, त्याची फी आधी तक्रारदाराला भरायला सांगू शकतो. आपणच ती उघडून नवी तार भरली तर दोष कंपनीचा होता हे दाखवणार कशावरून? माझी चूक नेमकी हीच झाली.

मग पिकाला पाणी कसं द्यायचं?

जळालेली मोटार तशीच ठेवायची आणि पाण्याची सोय दुसरीकडून करायची. भावकीतल्या कुणाची जुनी मोटार, भाड्याची मोटार, नाहीतर शेजाऱ्याच्या विहिरीवरून दोन पाळ्या. याला पैसे लागतात, मान्य. पण या खर्चाची पावती घेतली तर तो भरपाईत मागता येतो. वाइंडिंगला दिलेले पैसे मात्र वॉरंटीसकट बुडाले असंच धरा.

कामाचा क्रम असा ठेवा :

१. मोटार वर काढताना मोबाईलवर व्हिडिओ करा. नंबर प्लेट, सील, केबलचा जोड स्पष्ट दिसू द्या.

२. कंपनीच्या टोल फ्री नंबरवर तक्रार करा आणि तक्रार नंबर लिहून घ्या. दुकानदाराला तोंडी सांगू नका, व्हॉट्सअ‍ॅपवर लिहून पाठवा. फोनवरचं बोलणं उद्या सिद्ध करता येत नाही.

३. चार-पाच दिवसांत कुणी आलं नाही तर दुकानदार आणि कंपनी दोघांच्या नावानं एक पानी पत्र स्पीड पोस्टानं पाठवा. बिल नंबर, तारीख, बिघाड, आणि "इतक्या दिवसांत दुरुस्त करा किंवा बदलून द्या" एवढं पुरे. पोस्टाची पावती जपून ठेवा.

४. १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाईनला फोन करा. फोन फुकट आहे, मराठीत बोलता येतं. त्यांना हुकूम देता येत नाही, पण ते कंपनीकडं तक्रार पोचवतात. काही तक्रारी इथंच मिटतात.

५. तरीही काही झालं नाही तर जिल्हा ग्राहक आयोग. वस्तूची किंमत पाच लाखांपर्यंत असेल तर फी नाही. वकील लावलाच पाहिजे असं नाही. कंपनी कुठल्याही राज्यातली असो, तक्रार आपण राहतो त्या जिल्ह्यात करता येते. घरबसल्या ई-जागृती पोर्टलवरही करता येते. मुदत दोन वर्षांची आहे. आयोग दुरुस्ती, बदली, पैसे परत आणि भरपाई यांचा आदेश देऊ शकतो.

बिलाशिवाय सगळं फुकट

यातलं काहीही पक्क्या बिलाशिवाय पुढं सरकत नाही. "जीएसटी वाचेल, कच्चं बिल घ्या" असं दुकानदार म्हणतो आणि आपण दोन-तीन हजार वाचले म्हणून खूश होतो. त्याच क्षणी वॉरंटीचा पुरावा आपण दुकानातच सोडून येतो. पक्कं बिल न देणं ही नव्या कायद्यानं अनुचित व्यापारी प्रथा ठरवली आहे. वॉरंटी कार्डावर तारीख, शिक्का आणि मोटारीचा नंबर दुकानातच लिहून घ्या, दोन्हीचा फोटो मोबाईलमध्ये ठेवा.

आता कडू भागही सांगतो. आयोगानं तीन महिन्यांत, आणि तपासणी लागली तर पाच महिन्यांत निकाल द्यावा असं कायदा म्हणतो. प्रत्यक्षात तारखा पडतात आणि वर्ष-दोन वर्षं सहज निघून जातात. जिल्ह्याच्या गावाला जायचा एक दिवस म्हणजे रोजगार बुडाला. म्हणून तीस हजारांच्या मोटारीसाठी कुणी आयोगात जात नाही, आणि कुणी जात नाही हे दुकानदारालाही ठाऊक असतं.

दरवर्षी २४ डिसेंबरला राष्ट्रीय ग्राहक दिन येतो. सरकारी कार्यालयांत भाषणं होतात. त्याऐवजी वॉरंटीतल्या मोटारीसाठी कंपनीनं तालुक्याला एक दुरुस्ती केंद्र ठेवावं, आणि ठरलेल्या दिवसांत माणूस आला नाही तर बदली मोटार द्यावी, अशी मागणी ग्रामसभेनं ठराव करून केली तर जास्त उपयोग होईल. एकट्याचं पत्र टोपलीत जातं. एकाच कंपनीच्या मोटारी जळालेले गावातले दहा जण आपापली बिलं घेऊन एकत्र गेले, तर दुकानदाराला खुर्ची पुढं करावीच लागते.