तिघांचा खेळ

नोकरीचा अर्ज असो, शिष्यवृत्तीचा असो, नाहीतर घरच्यांनी हौसेने तयार केलेला लग्नाचा बायोडाटा असो, खाली कुठेतरी ‘छंद’ अशी एक ओळ असतेच. आणि तिच्यापुढे सगळे एकच लिहितात : वाचन, क्रिकेट, प्रवास. यातले वाचन म्हणजे मोबाईलवरचे, क्रिकेट म्हणजे पाहिलेले आणि प्रवास म्हणजे एस.टी.ने गावी जाणे. आमच्या खोलीतले तीन अर्ज शेजारी ठेवले तर तिन्हींत हीच तीन उत्तरे निघतील. क्रमसुद्धा तोच.

नेहमीच्या वाचकांना आम्ही तिघे ठाऊक आहोतच. एक चिपळूणचा, एक मिरजेचा, एक परभणीचा. पुण्यात एका खोलीत राहणारे, पदवीच्या दुसऱ्या वर्षाला असलेले. यंदा दिवाळीच्या सुट्टीनंतर परत आलो तेव्हा तिघांच्याही घरून एकच तक्रार बरोबर आली होती : ‘पोरगं घरी येतं, पण मोबाईलमधून बाहेर येत नाही.’ परभणीच्या अम्मींनी तर स्पष्ट विचारले होते, की अभ्यास आणि मोबाईल सोडून तुला तिसरे काय येते? या प्रश्नावर आम्ही बराच वेळ बोललो. तिघांपैकी कुणालाच चटकन उत्तर देता आले नाही.

मोबाईलच्या खेळांविषयी मासिकांत बरेच छापून आले आहे, त्यात भर घालायची नाही. २ सप्टेंबर २०२० रोजी सरकारने ११८ ॲप बंद केली, त्यात पबजी होते. तेव्हा आम्ही शाळेत होतो, लॉकडाऊन होता, आणि मोहल्ल्यातल्या समस्त आयांनी सुटकेचा श्वास सोडला होता. तो फार दिवस टिकला नाही. एक खेळ गेला की दुसरा येतो. पैसे लावून खेळायच्या ऑनलाईन खेळांवर २०२५ मध्ये संसदेने कायदाच केला. ते चांगलेच झाले, कारण अशा खेळांत पगार उडवून बसलेली माणसे प्रत्येक गल्लीत आहेत. पण बिनपैशाच्या खेळांचेही एक तंत्र असते. रोज हजेरी लावली की बक्षीस. एक दिवस चुकला की साखळी तुटली. हरत आलात की थोडे जिंकवायचे, जिंकत आलात की थोडे अडवायचे. दुकानदार गिऱ्हाईक धरून ठेवतो तसे हे धरून ठेवणे आहे. आम्हाला खटकते ते एवढेच, की आपण किती चांगले खेळतो हे सतत आकड्यांत समोर येत राहते. त्यामुळे एखादी गोष्ट मुळीच न येता करून पाहण्याची सवय मोडते.

म्हणून ठरवले, की परीक्षेपर्यंत काहीतरी नवे शिकायचे. अट एकच : तिघांपैकी कुणालाही ते आधी येत असता कामा नये.

गंजिफा चिपळूणवाल्याने सुचवला. एका नात्यातल्या लग्नाला जाताना तो सावंतवाडीच्या राजवाड्यात डोकावला होता, तिथे कारागीर हे गोल पत्ते रंगवताना त्याने पाहिले होते. गंजिफा इराणकडून आपल्याकडे आला. बाबराने आपल्या आठवणींत १५२७ च्या सुमारास सिंधच्या शाह हसनला गंजिफा पाठवल्याची नोंद केली आहे. मुघल गंजिफात आठ रंग आणि ९६ पाने. पुढे इथल्या मातीत तो दशावतारी झाला, मत्स्यापासून कल्कीपर्यंत दहा रंग आणि १२० पाने. सावंतवाडीला दोन्ही तऱ्हा रंगवल्या जातात. विसाव्या शतकात ही कला जवळपास बुडाली होती, जाणकार कारागीर अगदी मोजके उरले होते. तेव्हा शिवरामराजे भोसले आणि राणी सत्त्वशीलादेवी यांनी ती पुन्हा उभी केली.

हाताने रंगवलेला संच विद्यार्थ्याच्या खिशाला परवडत नाही. आम्ही बुटांच्या खोक्यांचा पुठ्ठा जमवला, मेसमधून एक छोटी वाटी आणली, तिच्याभोवती पेन्सिल फिरवून ९६ चकत्या कापल्या. दोन रविवार त्यातच गेले. मग रंगांची नावे : ताज, सफेद, शमशेर, गुलाम, चंग, सुर्ख, बरात आणि कुमाश. सफेद म्हणजे चांदीचे नाणे, सुर्ख म्हणजे सोन्याचे, कुमाश म्हणजे कापडचोपड. बरात म्हणजे पैसे देण्याचा लेखी हुकूम. जुन्या मराठी दप्तरांतली ‘वरात’ ती हीच, घोड्यावरची नव्हे. चंग हे वाद्य मिरजकराने काढले तर ते कंगव्यासारखे दिसू लागले. वाद्यांच्या गावचा माणूस, पण तारा काढताना हात थरथरला. आता आम्ही त्या रंगाला कंगवाच म्हणतो.

हा खेळ तिघांचाच असतो, हे नंतर कळले. प्रत्येकाला ३२ पाने. दिवसा खेळत असाल तर ज्याच्याकडे सुर्खचा बादशाह तो सुरुवात करतो, रात्री खेळत असाल तर सफेदचा. प्रत्येक रंगात बादशाह आणि वजीर सगळ्यांत वर. पण त्यांच्याखाली चार रंगांत दश्शी मोठी आणि उरलेल्या चारांत एक्का मोठा. हुकूम नावाची सोय नाही, त्यामुळे नशिबाच्या जोरावर डाव मारता येत नाही. कुठले पान गेले आणि कुठले बाकी आहे हे डोक्यात ठेवावे लागते, आणि ९६ पाने डोक्यात ठेवणे काय असते हे करून पाहावे. पहिले तीन आठवडे आम्ही तिघेही सारखेच वाईट खेळलो. त्यात एक वेगळीच मजा होती. कुणी आकडे दाखवत नव्हते, कुणी बक्षीस देत नव्हते, आणि इशा झाल्यावर खोलीत पुन्हा गोल करून बसायची घाई मात्र तिघांनाही असायची.

पत्ते म्हटले की आपल्या घरांतून पहिला प्रश्न येतो तो ठाऊक आहे. मिरजकराचे मामू मदरशात शिकवतात, त्यांनाच फोन लावला. त्यांचे पहिले दोन प्रश्न असे : पैसे लावता का? नमाज जाते का? दोन्हींना ‘नाही’ म्हटल्यावर ते जरा मोकळे बोलले. शतरंजबाबत फुकहांमध्ये जुना मतभेद आहे. हनफी ग्रंथांत मनाई सांगितली आहे. शाफई मजहबात पैज नसेल आणि नमाज चुकत नसेल तर ते हराम नव्हे, मकरूह धरतात. कोकणातली मंडळी शाफई, परभणीकर हनफी, म्हणजे एकाच खोलीत दोन्ही मते हजर! मामू म्हणाले, ‘भांडू नका, आपापल्या आलिमांना विचारा. आणि घड्याळाकडे बघत जा.’ वाचकांनीही तेच करावे. फतवा देणे हे आमचे काम नाही.

मध्येच परभणीवाल्याने खत्तातीचा नाद लावून घेतला. बोरू तासून आणला, शाई आणली आणि पंधरा दिवस फक्त अलिफ काढत बसला. नस्तालिक लिपीत अलिफची उंची तीन नुक्त्यांची. बोरूच्या टोकाने टेकवलेला चौकोनी ठिपका तो नुक्ता, त्यानेच प्रत्येक अक्षर मोजायचे. दहाव्या शतकात बगदादच्या इब्न मुक्ला नावाच्या वजिराने अक्षरे अशी मोजमापात बसवली. आमच्या मित्राचे अलिफ अजून वाकडेच उभे राहते. भिंतीवर तारखेसह टांगलेल्या कागदांत पहिल्या आणि शेवटच्या अलिफमध्ये फरक शोधावा लागतो. तो मात्र खूश आहे.

पण या सगळ्यात जी गोष्ट मनात बसली आहे ती परभणीच्या घरातली आहे. आमच्या मित्राची धाकटी बहीण बी.एस्सी.च्या पहिल्या वर्षाला आहे आणि बुद्धिबळ उत्तम खेळते. तिला तो शिकवला अब्बांनीच. ती सात वर्षांची असताना त्यांनी पट आणला आणि दुकान बंद करून आल्यावर रोज एक डाव तिच्याशी खेळत गेले. ती अकरा वर्षांची झाली तेव्हापासून अब्बा तिच्याकडून हरतात. भाऊ तर त्याच्याही आधीपासून. आता आम्ही तिघे पुण्याहून मोबाईलवर तिच्याशी खेळतो. एका फ्रेंच प्रोग्रॅमरने २०१० मध्ये सुरू केलेले लिचेस फुकट आहे आणि त्यात जाहिराती नाहीत. (मोबाईल सरसकट वाईट, असे आमचे म्हणणे नाहीच.) एका बाजूला ती, दुसऱ्या बाजूला आम्ही तिघे. प्रत्येक चाल आपसात भांडून ठरवतो, दहा-दहा मिनिटे लावतो. ती भांडी घासता घासता उत्तर देते आणि जिंकते.

तिच्यासाठी म्हणून आम्ही जुन्या खेळाडूंविषयी वाचू लागलो, तेव्हा सुलतान खान भेटला. पंजाबातल्या सर उमर हयात खान या जमीनदाराच्या पदरी असलेला हा माणूस देशी पद्धतीचे बुद्धिबळ खेळत मोठा झाला. त्या पद्धतीत प्यादे सुरुवातीलाही एकच घर चालते. १९२९ मध्ये मालकाबरोबर तो इंग्लंडला गेला आणि त्याच वर्षी ब्रिटिश अजिंक्यपद जिंकला. १९३२ आणि १९३३ मध्ये पुन्हा. माजी जगज्जेता कापाब्लांका यालाही त्याने हरवले. जागतिक बुद्धिबळ संघटनेने त्याला मानद ग्रँडमास्टर केले ते २०२४ मध्ये, म्हणजे त्याच्या मृत्यूनंतर अनेक वर्षांनी.

त्याच घरात फातिमा नावाची एक तरुण मुलगी नोकरीला होती. ती तिथेच खेळायला शिकली आणि १९३३ मध्ये ब्रिटिश महिला अजिंक्यपद स्पर्धेत उतरली. अकरा डाव, दहा विजय, एक बरोबरी. एकही हार नाही.

हे वाचून आम्ही तिघेही उठून बसलो. आपल्यातली, नोकर म्हणून गेलेली मुलगी, नव्वद वर्षांपूर्वी इंग्लंडच्या साऱ्या बायांना हरवते आणि आपल्या एकाही घरात तिचे नाव घेतले जात नाही! लगेच परभणीला निरोप धाडला. बहिणीचे उत्तर दोन शब्दांचे आले : ‘आणि मग?’

मग काही नाही. सर उमर यांच्याबरोबर ती हिंदुस्तानात परतली आणि तिचे स्पर्धेतले खेळणे तिथेच संपले. हे आम्ही तिला कळवले. त्या रात्री तिने आमच्याशी डाव खेळला नाही.

दुसऱ्या दिवशी भावाने फोन केला तेव्हा खरी गोष्ट कळली. आंतरमहाविद्यालयीन स्पर्धेसाठी कॉलेजने तिला निवडले होते. स्पर्धा नांदेडला, दोन दिवसांची. अब्बा म्हणाले होते, ‘घरी खेळ ना, कोण नको म्हणतंय? पण नेणार कोण? अंधार पडला तर? आणि लोक काय विचारतील?’ अब्बांवर हसण्यासारखे यात काही नाही. दुकान एका माणसाचे आहे, मुलगा पुण्यात आहे, आणि मुलीची काळजी करणे हा काही गुन्हा नव्हे. पण ज्या माणसाने सात वर्षांच्या मुलीपुढे पट मांडला, त्याच्याच दारात येऊन तो पट मिटावा, हे आम्हाला पचत नाही. नागपूरच्या दिव्या देशमुखने २०२५ मध्ये जॉर्जियात महिला विश्वचषक जिंकला तेव्हा ती एकोणीस वर्षांची होती. तिच्याबरोबर सुरुवातीच्या स्पर्धांना कुणीतरी घरचे गेलेच असेल. मिरजेच्या गल्लीत दिव्याखाली कॅरम खेळणाऱ्या पोरांना म्हातारे ओरडतात, आणि चेन्नईच्या एका रिक्षाचालकाची मुलगी, काझिमा, २०२४ मध्ये अमेरिकेत कॅरमच्या जागतिक स्पर्धेत तीन सुवर्णपदके घेऊन येते. खेळ तोच. कुणीतरी बरोबर गेले, एवढाच फरक.

हे सगळे आम्ही अब्बांना सांगितले नाही. वडीलधाऱ्यांना उदाहरणे देऊन चालत नाही. चिपळूणवाल्याने फक्त हदीसमधली एक गोष्ट अम्मींना फोनवर आठवण करून दिली. प्रेषित मुहम्मद (सल्ल.) हजरत आयेशा (रजि.) यांच्याबरोबर धावण्याची शर्यत लावतात, पहिल्या खेपेस त्या जिंकतात, पुढे पुन्हा धावतात तेव्हा प्रेषित (सल्ल.) जिंकतात आणि हसून म्हणतात की ही त्या वेळची फेड. अम्मी म्हणाल्या, ‘बेटा, ही गोष्ट मला तुझ्या जन्माच्या आधीपासून ठाऊक आहे.’ जरा थांबून पुढे म्हणाल्या, ‘मीच जाते तिच्याबरोबर. इथेही बसूनच असते, तिथे बसेन.’

नांदेड परभणीहून गाडीने तासाभराचे. तिथे अम्मींची चुलत बहीण राहते, मुक्कामाची सोय होईल. फॉर्मवर पालकांची सही हवी, तो येत्या शुक्रवारपर्यंत कॉलेजात द्यायचा आहे. प्रवासखर्चासाठी आम्ही तिघांनी मेसमधले रविवारचे जेवण महिनाभर बंद केले आहे. त्याचे फारसे दुःख नाही, तिथली बिर्याणी खाल्लेल्यांना कारण सांगायला नको.

काल रात्री फोन आला तेव्हा फॉर्म टेबलावरच होता, सही झालेली नव्हती. अब्बा जेवून उठले, चष्मा लावून त्यांनी तो एकदा वाचला, परत ठेवला. मग हात धुता धुता अम्मींना विचारले, सकाळची गाडी किती वाजता आहे?