रक्त गोठू न देणारी गोळी आणि फ्ल्यूची लस

पावसाळा तोंडावर आला म्हणजे घरोघरी कौले शाकारण्याची व सरपण भरून ठेवण्याची लगबग सुरू होते. त्याच सुमारास घरातील वृद्ध व हृद्रोगी माणसांना फ्ल्यूची लस टोचून घ्यावी, हेही ध्यानी ठेवले पाहिजे. कारण आपल्या गोवा-बेळगावकडे या तापाची साथ बहुधा पावसाळ्यातच जोर धरते, आणि लशीचा गुण येण्यास सुमारे दोन आठवडे लागतात. परंतु ज्यांना रक्त 'पातळ' करण्याची गोळी चालू आहे, त्यांच्या मनात एक रास्त शंका उभी राहते : दंडात सुई टोचल्यावर रक्त थांबेल ना?

या शंकेपोटी काही जण लसच टाळतात. तर काही जण कोणासही न विचारता दोन-चार दिवस गोळी बंद ठेवतात. दोन्ही गोष्टी अपायकारक, पण दुसरी अधिक.

वस्तुतः ही गोळी रक्तात पाणी घालीत नाही. रक्त गोठण्याची क्रिया ती मंद करते. तिचा इतिहास गोठ्यात सुरू होतो. १९२० नंतरच्या काही वर्षांत अमेरिका व कॅनडा येथील गुरे बुरसलेला चारा खाऊन रक्तस्रावाने दगावू लागली. विस्कॉन्सिन विद्यापीठातील कार्ल लिंक व त्यांच्या सहकाऱ्यांनी त्या चाऱ्यातील दोषी द्रव्य पुढे शोधून काढले. त्यावरून सिद्ध झालेले वॉरफॅरिन १९४८ साली उंदरांचे विष म्हणून बाजारात आले आणि १९५४ पासून माणसांचे औषध ठरले. ज्याच्या हृदयात कृत्रिम झडप बसविलेली आहे, त्याने ही गोळी थांबविली तर झडपेवर रक्ताची गुठळी धरू शकते. ती मेंदूकडे गेली की पक्षाघात. दंडावरील काळ्यानिळ्या डागाच्या भीतीने एवढे संकट ओढवून घेणे शहाणपणाचे नव्हे.

लस टाळणेही तितकेच महागात पडते. २०१८ साली कॅनडातील ओन्टारिओ प्रांतातील रुग्णांच्या अभ्यासात असे आढळले की, फ्ल्यू झाल्यानंतरच्या पहिल्या ७ दिवसांत हृदयविकाराच्या झटक्याचा संभव सुमारे ६ पटींनी वाढतो. म्हणजे ज्याचे हृदय आधीच दुबळे, त्यालाच लशीची गरज अधिक.

मग करावे काय? गोळी नेहमीप्रमाणे घ्यावी. वॉरफॅरिन किंवा असिट्रोम चालू असेल तर रक्ताची आय. एन. आर. तपासणी वेळेवर झालेली असावी. बहुतेकांच्या बाबतीत हा आकडा २ ते ३ च्या दरम्यान राखतात. कृत्रिम झडप असल्यास काहींना थोडा अधिक लागतो. तुमच्या डॉक्टरांनी ठरवून दिलेल्या मर्यादेपेक्षा तो वर गेला असेल, तर तो खाली येईपर्यंत लस पुढे ढकलावी. ॲपिक्सॅबॅन, रिव्हारोक्सॅबॅन यांसारख्या नव्या गोळ्यांना ही तपासणी लागत नाही. तरी डॉक्टरांना विचारूनच जावे.

सुई टोचण्यापूर्वी परिचारिकेला गोळीचे नाव अवश्य सांगावे; कागद वा गोळ्यांची पट्टी बरोबर न्यावी, हे उत्तम. ती २३ क्रमांकाची किंवा त्याहून बारीक सुई वापरील. सुयांचा क्रमांक जितका मोठा, तितकी सुई बारीक. सुई काढल्यावर त्या जागी कापसाने निदान २ मिनिटे घट्ट दाबून धरावे. मात्र चोळू नये. इंजेक्शन घेतले की दंड चोळण्याची आपल्याकडे जुनी सवय आहे. या रुग्णांच्या बाबतीत ती निश्चयाने मोडावी, कारण चोळल्याने आत रक्त साकळते.

एखाद दिवस दंड दुखेल, थोडी कणकण येईल. तो फ्ल्यू नव्हे, कारण टोचावयाच्या लशीत जिवंत विषाणू नसतो. अंगदुखीवर आयबुप्रोफेन किंवा डायक्लोफेनॅक घेऊ नये. त्यांनी रक्तस्राव वाढतो. लागलेच तर डॉक्टरांना विचारून पॅरासिटामॉल घ्यावी. सूज वाढत जाऊन दंड टणक झाला, हाताला मुंग्या आल्या, किंवा रक्त थांबेना, तर घरगुती लेप लावीत न बसता तडक दवाखाना गाठावा.

विषाणू दरवर्षी रूप पालटतो, म्हणून लसही दरवर्षी घ्यावी लागते. तेव्हा आजी-आजोबांची गोळ्यांची पेटी उघडून पाहावी, आय. एन. आर. ची शेवटची तारीख वाचावी आणि पाऊस लागण्यापूर्वीच त्यांना दवाखान्यात घेऊन जावे. गोळीही चालू राहील, लसही होईल. दोहोंमध्ये वैर नाही.