गजकर्ण आणि कोपऱ्यावरची ट्यूब

मा. आरोग्यमंत्री, कर्नाटक राज्य, यांस,


कन्नड मी रोज बोलते, भाजीवाल्याशी घासाघीसही करते. लिहायला बसले की मात्र अडते. म्हणून हे मराठीत. निपाणी-बेळगावपासून बेंगळुरूतल्या आमच्या मल्लेश्वरमपर्यंत आपल्या राज्यात मराठी वाचणारे पुष्कळ आहेत. शिवाय दुखण्याचं नाव दोन्ही भाषांत एकच: गजकर्ण.

दोन वर्षांपूर्वी जुलैत माझ्या कमरेवर रुपयाएवढा गोल चट्टा उठला. त्या दिवसांत बेंगळुरूत कपडे वाळत नाहीत, हे आपल्याला सांगायला नको. कोपऱ्यावरच्या औषधाच्या दुकानात नुसतं ‘खाज येतेय’ म्हटलं आणि ट्यूब हातात पडली. चिठ्ठी कुणी मागितली नाही. दोन दिवसांत खाज गेली, मी खूश. ट्यूब थांबवली की आठवड्यात चट्टा परत, आधीपेक्षा मोठा. मग पुन्हा ट्यूब. असे पाच महिने काढले. तोवर चट्ट्याची गोल कड पुसली गेली होती, मांडीपर्यंत लालसर नकाशा पसरला होता आणि सासूबाईंच्या काखेतही तेच सुरू झालं होतं. टॉवेल एकच, दुसरं काय!

त्या ट्यूबमध्ये स्टेरॉइड, अँटिबायोटिक आणि बुरशीवरचं औषध असं सगळं एकत्र कालवलेलं होतं. स्टेरॉइडने सूज आणि खाज दबते, पण त्या जागची प्रतिकारशक्तीही दबते, आणि बुरशीला रान मोकळं मिळतं. कडच नाहीशी झाली की गजकर्ण की इसब, हे जाणत्या डॉक्टरांनाही नुसतं बघून सांगता येत नाही. वैद्यकात याला १९६८ पासून नाव आहे: ‘टिनिया इनकॉग्निटो’, म्हणजे वेष पालटलेलं गजकर्ण.

शेवटी ज्या त्वचारोगतज्ज्ञ बाईंकडे गेले, त्यांनी बोथट पात्याने चट्ट्यावरचा कोंडा काचपट्टीवर खरवडून घेतला, वर पोटॅशियम हायड्रॉक्साइडचे दोन थेंब टाकले आणि बाहेर बसायला सांगितलं. वीसेक मिनिटांनी हाक मारून म्हणाल्या, ‘बघायचंय?’ सूक्ष्मदर्शकाखाली फिकट पेशींमधून आरपार गेलेले, फांद्या फुटलेले काचेसारखे धागे दिसले. स्टेरॉइड चोपडलेल्या त्वचेत ते बऱ्याचदा जास्तच सापडतात, असं त्या म्हणाल्या. पाच महिन्यांत जे कुणी विचारलं नव्हतं, त्याचं उत्तर एका चहाच्या वेळात मिळालं.

संशोधन कमी पडलंय असं मुळीच नाही. देशातल्या १२ केंद्रांवर चेहऱ्याच्या तक्रारी घेऊन आलेल्या २९२६ रुग्णांची पाहणी २०११ साली प्रसिद्ध झाली. त्यांतले ४३३ जण स्टेरॉइडची मलमं लावत होते, आणि त्यांपैकी २५७ जणांना ती डॉक्टर नसलेल्या कुणीतरी सुचवली होती. कुणी गोरं होण्यासाठी लावत होतं, कुणी दाढीनंतर! २०२० मध्ये भारतीय आणि नेपाळी रुग्णांत सापडलेल्या गजकर्णाच्या एका बुरशीला ‘ट्रायकोफायटॉन इंडोटिनी’ असं नाव मिळालं. टर्बिनाफिन हे एरवीचं हुकमी औषध तिच्यावर अनेकदा चालतच नाही. ती न्यूयॉर्कमध्येही आढळल्याचं २०२३ मध्ये जाहीर झालं. बुरशीच्या नावात आपल्या देशाचं नाव असावं, यात मिरवण्यासारखं काही नाही.

कायदाही आहे. मार्च २०१८ मध्ये केंद्राने त्वचेवर लावायची १४ स्टेरॉइडं ‘शेड्यूल एच’मध्ये घातली, ती चिठ्ठीशिवाय विकता येत नाहीत. पण दुकानांचे परवाने आणि तपासणी राज्याकडे, म्हणजे आपल्याकडे. तेव्हा पहिलं मागणं हेच: ती तपासणी खरोखर करा.

दुसरं मागणं नम्म क्लिनिकसाठी, म्हणजे वॉर्डातल्या सरकारी दवाखान्यांसाठी. तिथे लॅब टेक्निशियन आहेच. काचपट्टी, ती दोन थेंबांची बाटली आणि सूक्ष्मदर्शक एवढं असलं की ही तपासणी वॉर्डातच होईल. मोठ्या रुग्णालयातली रांग अवघड दुखण्यांसाठी राहू द्या; तिथे अंगभर फोड आलेली माणसं बसलेली असतात, त्यांच्यात मी माझं गजकर्ण घेऊन कशाला बसू?

मला बरं व्हायला चार महिने लागले, सासूबाईंना सहा. त्या ट्यूबचं खोकं मी ठेवलंय. त्यावर लाल रेघ आहे, डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय विकू नये असं छापलंही आहे, मुंगीएवढ्या अक्षरांत. आपल्या खात्यातला एखादा माणूस साध्या कपड्यांत कुठल्याही चार दुकानांत पाठवून बघा. चिठ्ठी देऊ नका. ‘खाज येतेय’ एवढंच म्हणायला सांगा.

आपली,
मल्लेश्वरममधली एक रहिवासी