हातातलं पत्र आणि मनातली नोकरी

बुधवारी दुपारी ई-मेल येतो. पुण्याच्या कंपनीने तुमची निवड केलीये, शुक्रवारी संध्याकाळपर्यंत होकार कळवा. आनंद तर होतो, पण मन अडकलेलं असतं दुसरीकडेच. ज्या कंपनीत खरं जायचंय, तिची शेवटची मुलाखत गेल्याच आठवड्यात झालीये आणि तिकडून काहीच उत्तर नाही. किंवा बँकेचा, तलाठ्याचा, एमपीएससीचा निकाल लागायचाय. आई म्हणते, "आलेली लक्ष्मी परत पाठवू नको." मामा म्हणतात, "थांब जरा, सरकारीच लागेल." शेगाव-चिखलीच्या इंजिनीअरिंग कॉलेजात असा, नाहीतर बुलढाण्याच्या अभ्यासिकेत, शेवटच्या वर्षाला हा पेच बऱ्याच जणांसमोर येतो.

मित्रांनो, या पेचात एक गोष्ट आधी लक्षात घ्या. मुदत फक्त तुम्हाला असते. समोरच्याला नसते.

उदाहरणं ताजीच आहेत. इन्फोसिसने 2022 च्या बॅचमधल्या सुमारे दोन हजार मुलांना ऑफर दिली होती. त्यांना प्रत्यक्ष रुजू व्हायला 2024 चा ऑक्टोबर उजाडला, तोही आयटी कर्मचाऱ्यांच्या 'नाइट्स' या संघटनेने केंद्रीय कामगार मंत्रालयाकडे तक्रार केल्यावर. पुढे फेब्रुवारी 2025 मध्ये म्हैसूरच्या केंद्रातून तीनशेहून जास्त प्रशिक्षणार्थींना अंतर्गत परीक्षेत नापास झाले म्हणून घरी पाठवलं गेलं. विप्रोने 2023 च्या फेब्रुवारीत साडेसहा लाखांची ऑफर दिलेल्या मुलांना विचारलं, साडेतीन लाखांत येता का? म्हणजे नाव मोठं असलं, हातात पत्र असलं, तरी तारीख आणि पगार दोन्ही हलू शकतात.

सरकारी वाटेवरही तेच. तलाठी भरतीची जाहिरात जून 2023 मध्ये आली. साडेचार हजारांहून जास्त जागा आणि दहा लाखांहून जास्त अर्ज. परीक्षा ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये झाली, गुणवत्ता यादी आली जानेवारी 2024 मध्ये. राज्यसेवा 2019 चा निकाल जून 2020 मध्ये लागला. मराठा आरक्षणाचा प्रश्न कोर्टात होता, म्हणून निवड झालेल्या 413 जणांना नेमणुकीसाठी वर्षाहून जास्त काळ थांबावं लागलं. कायदाही इथे फार आधार देत नाही. निवड यादीत नाव आलं म्हणजे नेमणुकीचा पक्का हक्क मिळाला असं होत नाही, हे सुप्रीम कोर्टाच्या घटनापीठाने 1991 मध्येच शंकरसन दाश खटल्यात स्पष्ट केलंय. सरकारला मनमानी करता येत नाही, एवढंच संरक्षण.

म्हणून 'कोणती नोकरी चांगली' हा प्रश्न जरा बाजूला ठेवा. 'माझ्या हातात आज लेखी काय आहे?' हा आधी विचारा.

तीन दिवसांत काय करायचं?

पहिलं, पत्र नीट वाचा. ते ऑफर लेटर आहे की नुसतं लेटर ऑफ इंटेंट? दुसऱ्यात 'आमचा विचार आहे' एवढंच असतं. रुजू होण्याची तारीख आहे का? पगारातला हातात येणारा भाग किती? बाँड आहे का?

दुसरं, त्याच दिवशी उत्तर द्या. आभार माना आणि मुदत वाढवून मागा, पण नेमकी तारीख लिहून. 'थोडा वेळ द्या' याला अर्थ नसतो. 'माझी आणखी एक निवड प्रक्रिया सुरू आहे, पुढच्या शुक्रवारपर्यंत वेळ मिळाला तर पक्कं उत्तर देईन' याला असतो. कॅम्पसमधून ऑफर आली असेल तर आधी प्लेसमेंट ऑफिसरला भेटा. बऱ्याच कॉलेजांत एका विद्यार्थ्याला एकच नोकरी असा नियम असतो. तो न वाचता कुणालाच काही कळवू नका.

तिसरं, आवडीच्या कंपनीला लिहा. आपल्याकडच्या मुलांना इथेच संकोच वाटतो. "असं विचारलं तर राग येईल का?" नाही येत. दुसरी ऑफर आहे, अमुक तारखेपर्यंत उत्तर द्यायचंय, तुमच्याकडे यायची जास्त इच्छा आहे, निर्णय कधी कळेल? चार ओळी पुरतात. खोटी ऑफर मात्र सांगू नका. पत्र दाखवा म्हणाले तर काय कराल?

सरकारी निकालाला असं पत्र लिहून उपयोग नाही. तिथे आपण कोणत्या टप्प्यावर आहोत ते बघा. नुसती पूर्व परीक्षा झाली असेल तर तो निकाल नव्हे, रांगेतली जागा आहे. कागदपत्र पडताळणी झाली असेल तर गोष्ट वेगळी.

दोन्हीकडून उत्तर नाही, मग?

मग घरचा हिशोब मांडा. सहा महिने पगाराशिवाय चालेल का? शैक्षणिक कर्ज असेल तर शिक्षण संपल्यावर हप्त्यांना साधारण वर्षभराचीच सवलत असते. सोयाबीन-कपाशीच्या भावावर चालणाऱ्या घरात हा प्रश्न मोठा आहे, आणि तो घरच्यांसमोर बसूनच सोडवावा लागतो. चालत असेल तर थांबण्यात चूक नाही. चालत नसेल तर माझं मत सरळ आहे, हातातली नोकरी घ्या. एमपीएससीची वयोमर्यादा खुल्या प्रवर्गाला 38, मागासवर्गीयांना 43 वर्षं आहे. जाहिरात पुन्हा येते. कॉलेजचा कॅम्पस पुन्हा मिळत नाही. नोकरी करून अभ्यास करणं अवघड आहे, हे मान्य. पण पैशाची काळजी डोक्यावर घेऊन केलेला अभ्यासही सोपा नसतो.

फक्त बाँड हलक्यात घेऊ नका. विजया बँकेत तीन वर्षांच्या आत नोकरी सोडल्यास दोन लाख रुपये भरायची अट होती. एका अधिकाऱ्याने ते भरून दुसऱ्या बँकेत नोकरी घेतली आणि अटीविरुद्ध दाद मागितली. मे 2025 मध्ये सुप्रीम कोर्टाने बँकेची अट वैध ठरवली. प्रत्येक बाँड कोर्टात टिकेलच असं नाही, पण 'बाँड म्हणजे नुसता कागद' हेही खरं नाही. आणि मूळ मार्कशीट कुणाकडेही ठेवायला देऊ नका. दाखवा, परत घ्या.

होकार दिल्यावर आवडीच्या ठिकाणाहून बोलावणं आलं तर? जाता येतं. पण कळलं त्याच दिवशी पहिल्या कंपनीला फोन करा, मग लेखी कळवा, आणि प्लेसमेंट ऑफिसरलाही सांगा. फोन बंद करून गायब होणं हा सगळ्यांत वाईट मार्ग. तुमची जागा वेळेत मोकळी झाली तर वेटिंग लिस्टवरचा वर्गमित्र तिथे लागू शकतो. आणि एकाच कॉलेजातली चार मुलं न सांगता आलीच नाहीत, तर पुढच्या वर्षी ती कंपनी पुण्याहून एवढ्या लांब कशाला येईल? तुमच्या मागच्या बॅचला ती यायला हवी आहे.

कंपन्या शब्द पाळत नाहीत, मग आपणच का पाळायचा, असं कुणी म्हणेल. राग रास्त आहे. पण तुम्ही गायब झाल्याने कंपनीचं फारसं बिघडत नाही, नुकसान होतं ते आपल्याच कॉलेजच्या मुलांचं. तेव्हा शुक्रवारची वाट बघू नका. आजच ते पत्र पुन्हा उघडा, शेवटच्या ओळीपर्यंत वाचा आणि दोन्हीकडे मेल टाका.