ताम्हण, नाणा आणि 'वगैरे'

हर्बेरियम म्हटलं की आपल्यापैकी बहुतेकांना कॉलेजची ती फाईल आठवते. वर्तमानपत्रात दाबलेली पानं, सबमिशनच्या आदल्या रात्री सेलोटेपने चिकटवलेली. त्यामुळे हर्बेरियम म्हणजे वाळक्या पाचोळ्याचं संग्रहालय असा समज होतो. मला तसं वाटत नाही. त्या कागदावर झाडाची फांदी असतेच, पण निम्मी किंमत असते ती कोपऱ्यातल्या लेबलाची. आणि दुर्मिळ वनस्पतींइतकीच ही लेबलं दारातल्या, रस्त्यावरच्या झाडांचीही लिहायला हवीत, असं माझं ठाम मत आहे.

ताम्हणाचंच घ्या. आपलं राज्यपुष्प. याचं शास्त्रीय आडनाव लॅजरस्ट्रोमिया. स्वीडिश ईस्ट इंडिया कंपनीचा संचालक लागरस्ट्रोम पूर्वेकडून आलेली झाडं लिनियसला पुरवायचा, म्हणून लिनियसने १७५९ मध्ये त्याचं नाव दिलं. (आपल्या राज्यपुष्पाच्या आडनावात एक स्वीडिश व्यापारी बसलाय. असो.) महाराष्ट्रात या आडनावाची तीन रानटी भावंडं आहेत. जांभळ्या, झालरीसारख्या पाकळ्यांचा ताम्हण. सह्याद्रीतला उंच, गुळगुळीत फिकट सालीचा नाणा. आणि कोरड्या पानगळीच्या जंगलातली लेंडी, जिला पांढरी सुवासिक फुलं येतात. गंमत म्हणजे या तिघांनाही कुठे ना कुठे 'बोंडारा' म्हणतात. ताम्हण हा 'मोठा बोंडारा'!

आमच्या घरात यावरून एकदा चांगलीच जुंपली होती. चिपळूणचे मामा म्हणतात बोंडारा म्हणजे सरळसोट उंच झाड, इमारती लाकडाचं. नाशिककडची आत्या म्हणते छे, बोंडारा एवढा उंच कुठला? दोघंही बरोबर. मामांचा बोंडारा म्हणजे नाणा आणि आत्याचा म्हणजे लेंडी. (आत्या, हे वाचशीलच. आता तरी मामांशी बोल :-))

असा वाद मिटवायला हर्बेरियमच हवं. साधारण २८ बाय ४२ सेंटिमीटरचा जाड कागद, त्यावर दाबून वाळवलेली फांदी, पानं, फुलं, जमलं तर बोंडंही. पण त्या कागदावर काय नसतं ते बघा. झाडाची उंची नसते. साल नसते, आणि नाणा तर लोक सालीवरूनच ओळखतात. ताम्हणाचा जांभळा रंग वाळल्यावर उडतो. झाड नदीकाठी होतं की डोंगरावर, गावात त्याला काय म्हणत होते, तारीख कुठली, हे सगळं लिहिलं तरच उरतं.

नाही लिहिलं की काय होतं? एकोणिसाव्या शतकात हूकर आणि थॉमसन यांनी हिंदुस्थानातले नमुने जगभरच्या हर्बेरियमना वाटले. त्यातल्या आपल्या बाजूच्या नमुन्यांवर छापील लेबल आहे, त्याचा अर्थ साधारण असा : 'मलबार, कोकण वगैरे. संग्राहक स्टॉक्स, लॉ वगैरे.' वगैरे! अख्खा किनारा एका 'वगैरे'त. फांदी सुरेख टिकलीय, पण ती तोडली तेव्हा ते झाड नक्की कुठल्या ओढ्याकाठी उभं होतं, हे आता कुणालाही सांगता येणार नाही.

उलट लेबल चोख असेल तर ते कुठल्या कुठे कामी येतं. बॉस्टनच्या आर्नल्ड आर्बोरेटममधल्या झाडांचे जुने नमुने काही संशोधकांनी काढले, त्यांवरच्या तारखा पाहिल्या आणि तीच झाडं आता कधी फुलतात ते बघितलं. २००४ मध्ये प्रसिद्ध झालेला निष्कर्ष असा, की १९०० ते १९२० च्या तुलनेत १९८० ते २००२ या काळात ती सरासरी आठ दिवस आधी फुलत होती. ज्यांनी १९०५ साली तारीख टाकली त्यांना हवामानबदल हा शब्दही माहीत नव्हता. ते फक्त नेमाने तारीख टाकत होते. आपला ताम्हण एप्रिल-मेमध्ये फुलतो असं आपण सगळे म्हणतो, पण एप्रिलची पाच तारीख की मेची पंचवीस?

यावर हमखास येणारी कॉमेंट मला माहीत आहे : "मोबाईलने फोटो काढला की झालं, तारीख आणि जागा आपोआप येते." मान्य. जरूर काढावेत. पण फोटोत आपण फूल काढतो, पानाची मागची बाजू कोण काढतं? शंभर वर्षांनी फोटोतलं फूल उकलून बघता येत नाही, त्यातून डीएनए काढता येत नाही. आणखी एक गोष्ट मला फार आवडते. हर्बेरियममध्ये नाव बदललं तरी जुनं लेबल फाडत नाहीत. नाण्याला पूर्वी 'लॅन्सिओलाटा' म्हणत, आता 'मायक्रोकार्पा' म्हणतात. कागदावर शेजारी नवी चिठ्ठी लागते, दुरुस्ती करणाऱ्याच्या नावासह आणि तारखेसह. आधी काय समजत होतो तेही तिथेच राहतं.

मुंबईत सेंट झेवियर्सचं ब्लॅटर हर्बेरियम, पुण्यात १९५५ पासूनचं बॉटनिकल सर्व्हेचं पश्चिम विभागाचं कार्यालय आणि आघारकर संस्था, अशा जागा आपल्याकडे आहेत हे भाग्यच. काळजी वाटते ती छोट्या कॉलेजांची. एका कॉलेजातलं कपाट मी पाहिलंय. बाई निवृत्त झाल्या, किल्ली हरवली, आत कसरीने चाळण केलेली. पंचक्रोशीतली चाळीस वर्षांची झाडं त्यात होती. त्यातली निम्मी आता बाहेरही नाहीत.

आमच्या रस्त्यावर सहा ताम्हण होते, रुंदीकरणानंतर दोन उरलेत. तोडलेल्या चारांचा कागद कुठेच नाही. उरलेल्यांपैकी एकाची पावसाळ्यापूर्वी छाटणी होणार आहे. तेव्हा फुलांसकट एक फांदी मी मागून घेणार, दाबणार, आणि जवळच्या कॉलेजातल्या सरांकडे नेणार. त्यांनी हो म्हटलंय. लेबलात रस्त्याचं नाव, बुंध्याचा घेर आणि 'मोठा बोंडारा' हे नावसुद्धा घालणार. मामा, तुमच्या मागच्या परड्यातल्या नाण्याला फुलं आली की लगेच फोन करा. आणि तारीख लिहून ठेवा, अंदाजे नको.