नक्कल आणि नकली

मागच्या साली ऊस भरणीच्या ऐन घाईत आमच्या पॉवर वीडरच्या इंजिनाने मान टाकली. दोरी ओढून ओढून माझ्या धाकट्या दिरांचा खांदा भरून आला. सुरू झालंच तर निळा धूर, आणि तेल पाण्यासारखं पिणार. मेस्त्रींनी खोलून दाखवलं, बोअर झिजलेला, रिंगा गेलेल्या. कारण विचारलं तर त्यांनी एअर फिल्टरचा फाटका फोम पुढे धरला. सरीतली धूळ त्यातून आत जात होती आणि आम्ही कधी बघितलंच नव्हतं. दोष आमचाच.

मूळ कंपनीचं नवं इंजिन झेपणारं नव्हतं. मेस्त्री म्हणाले, “निम्म्याहून कमी पैशात चायना बसवून देतो.” बिद्रीत उसाचं बिल आल्याशिवाय मोठा खर्च कोण करतो? आम्ही हो म्हणालो. नवं इंजिन जुन्याच चार भोकांवर बसलं, नवं भोक पाडावं लागलं नाही.

याचं कारण मी नंतर समजून घेतलं. होंडाने १९८३ पासून जीएक्स मालिकेची छोटी इंजिनं बाजारात आणली. पुढे चीनमधल्या अनेक कारखान्यांनी त्याच मापांची इंजिनं काढली. त्यांवर बहुधा ‘१६८ एफ’ लिहिलेलं असतं. त्याचा अर्थ एक सिलिंडर आणि ६८ मिलिमीटरचा बोअर. ही रीत आपल्याकडेही जुनी आहे. इंग्लंडच्या लिस्टर इंजिनाच्या धर्तीवर राजकोटला वर्षानुवर्षे डिझेल इंजिनं बनली, आणि त्यांच्यावर कितीतरी विहिरींचं पाणी उपसलं गेलं. पेटंटची मुदत २० वर्षांची असते. ती संपली की ती रचना कुणालाही बनवता येते. पण दुसऱ्याचं नाव आणि शिक्का वापरायची परवानगी त्यातून मिळत नाही.

खरी गोष्ट इथून पुढे सुरू होते. यंदा आम्ही ते वीडर विकायला काढलं. शेजारच्या गावचा एक शेतकरी बघायला येणार होता. आदल्या दिवशी दिरांनी जुन्या इंजिनाची टाकी आणि कव्हर पुसून काढलं. दोन्हींवर मूळ कंपनीचं नाव होतं. “भाभी, एवढं बदललं की चार-पाच हजार जास्त येतील. पोरीची कॉलेजची फी निघेल.” खोटं कशाला सांगू, फीचा आकडा माझ्याही डोळ्यांपुढे आला आणि मी गप्प बसले.

अब्बा ओसरीवर बसून ऐकत होते. त्यांनी विचारलं, “उद्या त्याने विचारलं, इंजिन कुठलं, तर काय सांगशील?” दीर म्हणाले, “अब्बा, तो विचारणारच नाही.” “म्हणजे न विचारणाऱ्याला फसवायचं?”

मग त्यांनी बाजारातल्या धान्याच्या ढिगाची हदीस सांगितली. प्रेषित मुहम्मद (स.) यांनी ढिगात हात घातला तर आतलं धान्य ओलं लागलं. पावसाने भिजलं, असं विक्रेता म्हणाला. तेव्हा प्रेषितांनी (स.) त्याला विचारलं, की मग ओलं धान्य लोकांना दिसेल असं वर का ठेवलं नाहीस? म्हणजे धान्य भिजलं हा त्याचा गुन्हा नव्हता, ते झाकलं हा गुन्हा होता.

मी उर्दू आणि मराठी दोन्ही शिकवते. दोन्हींत हा शब्द एकाच मुळातून आला आहे. सातबाऱ्याची नक्कल आपण काढतो, तिच्यावर ‘खरी नक्कल’ असा शिक्का असतो आणि ती बँकेत चालते. आपण नक्कल आहोत हे ती लपवत नाही. लपवलं की ती नकली होते. इंजिनाचंही तसंच आहे.

दुसऱ्या दिवशी दिरांनी स्वतःच सांगितलं, “इंजिन चायनाचं आहे, एक हंगाम चाललंय.” त्या शेतकऱ्याने भाव पाडून मागितला आणि आम्ही दिलं. फीचा पहिला हप्ता आम्ही भिशीतून भरला. तंगी झाली, नाही असं नाही.

तुमच्या घरी असं इंजिन घ्यायचं झालं तर शाफ्टची जाडी, लांबी आणि चावीचा खाचा मोजून न्या. नवं इंजिन बहुधा तेलाविना येतं, म्हणून दोरी ओढण्याआधी तेल भरा, साधारण ०.६ लिटर लागतं. पहिल्या २० तासांनी तेल बदला, मग दर १०० तासांनी. धुळीत काम असेल तर फिल्टर रोज बघा. पावतीवर इंजिनाचं खरं नाव लिहून घ्या, आणि विकताना ती पावतीही द्या.

जुनी टाकी आणि कव्हर अजून आमच्या परड्यात आहेत. दिरांनी त्यांवरचं नाव खरवडून काढलं आहे.