मोबाइलचे पितृत्व कोणाचे?

मोबाइल दूरध्वनी ही मुक्त बाजारपेठेची देणगी आहे, असा डांगोरा खाजगीकरणाचे कैवारी सतत पिटत असतात. सरकारी खात्यांच्या हाती हे तंत्र राहिले असते तर जनता आजही प्रतीक्षायादीत ताटकळत बसली असती, हा त्यांचा आवडता युक्तिवाद. इतिहासाची साक्ष मात्र वेगळी आहे.

१९६९ साली डेन्मार्क, फिनलंड, नॉर्वे व स्वीडन या देशांच्या सरकारी दूरसंचार प्रशासनांनी एक संयुक्त गट नेमला. ‘नॉर्डिक मोबाइल टेलिफोन’ ही त्या गटाच्या परिश्रमाची निष्पत्ती. १९८१ साली स्वीडन व नॉर्वेत आणि १९८२ साली डेन्मार्क व फिनलंडमध्ये ही सेवा सुरू झाली. ओस्लोचा वर्गणीदार स्टॉकहोमला गेला, तरी त्याच यंत्रावर व त्याच क्रमांकावर त्याला संभाषण करता येई. चार सरकारांनी आपापला अहंकार बाजूला ठेवून एकच पद्धती स्वीकारली, म्हणूनच हे शक्य झाले.

याहून महत्त्वाची गोष्ट अशी की, या पद्धतीचा तांत्रिक आराखडा खुला ठेवण्यात आला. कोणत्याही कारखानदाराने त्यानुसार यंत्रे बनवावीत, एकाची मक्तेदारी होऊ नये, हे धोरण होते. एरिक्सन व नोकिया या कंपन्यांना मोबाइलच्या क्षेत्रात पाय रोवता आले ते या सार्वजनिक पायावर. उलट, स्वीडनमध्ये १९८१ सालीच सुरू झालेली कॉमविक ही खाजगी सेवा स्वतंत्र पद्धतीची असल्यामुळे त्या देशापुरतीच सीमित राहिली.

ही सेवा सामान्यांची नव्हती, असा आक्षेप घेतला जाईल. तो खरा आहे. यंत्रे जड व महाग होती आणि बहुधा मोटारीत बसवलेली असत. परंतु ती स्वस्त होण्याची वाटही सहकार्यातूनच निघाली. युरोपातील टपाल व दूरसंचार प्रशासनांच्या परिषदेने १९८२ साली नेमलेल्या गटाने जीएसएम पद्धतीचा पाया घातला. तिच्यापुढे जुनी नॉर्डिक सेवा मागे पडली आणि स्वीडनमध्ये २००७ च्या अखेरीस ती बंद झाली. तत्पूर्वीच तिच्या जनकांपैकी एक असलेल्या स्वीडिश दूरसंचार प्रशासनाची १९९३ साली कंपनी झाली होती आणि २००० साली तिचे समभाग बाजारात विकले गेले होते. पेरले जनतेने, पिकाचे वाटेकरी मात्र भागधारक!

भारतात १९९५ साली मोबाइल आला, तो याच जीएसएम पद्धतीचा. पण येथे परवाने प्रथम खाजगी कंपन्यांना मिळाले. मुंबईत महानगर टेलिफोन निगमची मोबाइल सेवा २००१ साली आणि देशात भारत संचार निगमची २००२ साली सुरू झाली. ज्याला शर्यतीत उशिरा उतरवले, त्यालाच मंदगतीबद्दल दोष देणे हा कुठला न्याय?

नोकरशाहीच्या ढिलाईचे समर्थन कोणी करू नये. पण सार्वजनिक क्षेत्राला कल्पकता नसते, असे कोणी म्हणाले, तर कार्यकर्त्यांनी त्याच्या हातातील मोबाइलकडे बोट दाखवावे.